मोटारीचं नाक आणायला पेणला

पेणला लोक गणपती आणायला जातात. मी मोटारीचं नाक आणायला गेले. तिथून पुढे रोह्याला, ते नाक गाडीला लावून गाडी परीक्षेला बसवायला. एकूण तीन दिवस. परत आल्यापासून जो तो विचारतो, "पेणला काय काय पाहिलंत?" समुद्र पाहिला नाही, किल्ला पाहिला नाही, देवळातसुद्धा गेले नाही. जे पाहिलं ते एकदाच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको.

सांगलीत माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. तेवीस वर्षं झाली. शिकवायच्या दोन गाड्या आणि एक पिकअप आहे. त्या पिकअपमुळेच मी या भानगडीत ओढली गेले. माझी भाची केतकी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिच्या कॉलेजच्या मुलांनी शर्यतीची गाडी बांधली आहे. केतकी त्यांची कप्तान. एका संध्याकाळी घरी येऊन तिने मला चहा करून दिला. तेव्हाच मी ओळखलं, पिकअप हवी आहे.

ही गाडी आपल्या रस्त्यावरच्या गाडीसारखी नसते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात एक माणूस जेमतेम आडवा मावतो, पाय पार पुढे निमुळत्या टोकात, म्हणजे नाकात. अशा गाड्या घेऊन कॉलेजं एकमेकांशी शर्यत लावतात. श्रीमंत कॉलेजाने जास्त खर्च करून जिंकू नये म्हणून नियमांचं पुस्तक आहे, आणि त्यात काय करावं यापेक्षा काय करू नये हेच जास्त. इंजिनात हवा जाते त्या नळीत सगळ्यांनी एकाच मापाची कडी बसवायची. इंजिन केवढंही दांडगं आणा, श्वास त्या एवढ्याशा भोकातूनच. मग पुढे जायचं ते गाडी हलकी ठेवून आणि नीट वळवून.

दुसरा नियम असा की कागदावरचा आराखडा मंजूर झाला की गाडीत फक्त तीन बदल करता येतात. आमच्या पोरांचे तिन्ही संपले होते. पहिला बदल, ड्रायव्हर उंच होता म्हणून सीट मागे सरकवली. दुसरा बदल, तो उंच ड्रायव्हर वजनाने जास्त भरला म्हणून त्याला काढलं आणि सीट पुन्हा पुढे आणली. तिसरा बदल, मागचा मोठा पंख कापून लहान केला, कारण गाडी बांधतात त्या कॉलेजच्या शेडमध्ये बसवून झाल्यावर लक्षात आलं की पंख दारापेक्षा रुंद आहे.

"दार मोजलं नव्हतं?" मी विचारलं.

"दार नियमांच्या पुस्तकात नव्हतं, आत्या," केतकी म्हणाली.

या गाडीचा खरा आजार मात्र वेगळाच होता, आणि तो खुद्द केतकीने दिलेला. आपली गाडी वळते तेव्हा मागचं बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारा दातेरी चक्रांचा एक डबा मधे असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. दुसऱ्या वर्षाला असताना केतकीने हिशेब केला की तो डबा काढला तर चार किलो वाचतात. काढला. मागची दोन्ही चाकं एका दांड्यावर पक्की झाली, आणि गाडी सरळ रेषेत सुंदर पळायला लागली. वळायला तेवढी तयार नसे. हे कळेपर्यंत तिन्ही बदल संपले होते.

रविवारी रोह्याला प्राथमिक फेरी होती. गाडी कागदाशी ताडून पाहणार, मग आखलेली एक फेरी एका मिनिटाच्या आत मारायची. जमलं तर मोठ्या शर्यतीत प्रवेश. नाही जमलं तर केतकीची तीन वर्षं संपली, आणि ती शेड कॅन्टीनला द्यायचं प्राचार्यांनी ठरवूनच ठेवलं होतं.

शुक्रवार, पेण

नाक पेणला कशासाठी, तर सांगलीत फायबरचं काम करणारा माणूस पाण्याच्या टाक्या करतो. त्याने नमुना म्हणून जे नाक करून दिलं त्याला झाकण होतं. पेणला मात्र घरोघरी साचे, गोलाई, गुळगुळीतपणा यांचंच काम. केतकीने दिवाळीत जाऊन एका कारखान्यात आराखडा आणि मापं देऊन ठेवली होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत पांढरे, अजून रंग न लागलेले दोनशे-अडीचशे गणपती दाटीने बसलेले, सगळ्यांची तोंडं दाराकडे. उशिरा आलेल्या मुलाकडे वर्ग बघतो तसं वाटलं. मालक अनंतदादा, साठीचे, अंगावर बनियन, पापण्यांपर्यंत प्लास्टरची पूड. त्यांनी आम्हाला थेट मागच्या भिंतीकडे नेलं. दोन मोठ्या गणपतींच्या मधे, पाटावर, ओल्या फडक्याने पुसून ठेवलेलं आमचं नाक.

दिसायला अप्रतिम होतं, खोटं सांगणार नाही. केतकी उचलायला गेली आणि नाक जागचं हललं नाही.

"दोघी धरा गो," अनंतदादा अभिमानाने म्हणाले. "आतनं काथ्या भरलाय, आणि मधनं सळई टाकलीय. सोंडेला टाकतो तशी."

काट्याला टांगलं. कागदावर तीन किलो लिहिलं होतं. नाक चौदा किलो भरलं.

केतकीने काट्याचा आकडा दोनदा वाचला. बरोबर मधुरा होती, गाडीची ड्रायव्हर, दुसऱ्या वर्षाची. सबंध वर्गात सगळ्यात हलकी, त्रेचाळीस किलो, म्हणून तिला ड्रायव्हर केलेलं. तिला चारचाकी येते का हे कोणी विचारलं नव्हतं, तिचं वजन मात्र दोनदा केलं होतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी अकरा किलो कमी करू का?"

"दादा, हे मोडायला हवं होतं," केतकी म्हणाली.

अनंतदादांना वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. "मोडायला?"

"गाडी समोरून कशावर आदळली तर नाक मोडलं पाहिजे. तसाच आराखडा आहे. पातळ, तीन थर फक्त."

"ऐक गो बाय," अनंतदादा स्टुलावर बसले. "तीस वर्षं झाली. भंगलेला गणपती माझ्याकडनं कोणाच्या दारात गेला नाय. हा आमचा गोवा रस्ता बघितलास? त्या खड्ड्यांतनं माझा माल जातो. त्या रस्त्यावर टिकला तो देव जगात कुठंय टिकतो. सोंड पहिली जाते, म्हणून सोंडेला सळई. आणि तू मला सांगतेस मोडणारी वस्तू कर? नाय करणार. लोक काय म्हणतील?"

हे मला पटलं, हे आधी कबूल करते. माणूस ज्या रस्त्यासाठी वस्तू करतो त्या रस्त्यासारखी ती होते. केतकीचा रस्ता गुळगुळीत सिमेंटचा, दादांचा खड्ड्यांचा. दोघांचा हिशेब आपापल्या जागी बरोबर होता आणि मधे नाक अडकलं होतं.

केतकीने कागद काढून धक्का, वेग, ऊर्जा असं काहीतरी समजवायला घेतलं. दादा आदराने ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. शेवटी मी मधुराला दारातल्या पिकअपवर, गाडीच्या सांगाड्यात बसवलं. ती आडवी झाली, तिचे पाय पुढे, नाक जिथे लागणार तिथे.

"दादा, इकडे बघा. गाडी आदळली आणि नाक मोडलं नाही, तर तो सगळा धक्का कशाला बसणार?"

दादांनी तिच्या काड्यांसारख्या पायांकडे पाहिलं. मग नाकाकडे. मग परत पायांकडे.

"आधी सांगायचं ना," ते वैतागून म्हणाले. "आमच्यात आतमधी कोणी बसलेलं नसतंय!"

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, थापली की आवाज घुमला पाहिजे. ही तांदळाची इतकी मऊ की पहिली मी घडी घालूनच संपवली. बिरड्यात नारळ आणि किंचित गूळ. सांगलीकराला वाटतं, तिखट विसरले असावेत, पण तिसऱ्यांदा घेताना मी ते बोलून दाखवलं नाही.

दादांची बायको सुमनवहिनी पापडांचा उद्योग करते. दहा बायका तिच्या हाताखाली. बोलायला दादांच्या दुप्पट.

"ह्यांच्या हाताला थांबणं म्हायत नाय," ती मला वाढता वाढता म्हणाली. "तीन थर सांगितलंत तर पाच देणार. वर आणि एक, मनाच्या शांतीला. पोरीच्या लग्नात मांडवाचे खांब पण ह्यांनीच रोवले. अजून निघाले नाय."

"मग काय मांडव पाडायचा होता?" दादा म्हणाले.

"उद्या मी उभी ऱ्हाते बाजूला," वहिनीने जाहीर केलं. "पापड एका बाजूनं जाड झाला तर तळताना एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची. हे पण तसंच असणार. सगळीकडनं सारखं पातळ, व्हय ना गो केतकी?"

केतकी म्हणाली, अगदी तसंच, एका बाजूने आधी मोडून चालत नाही. चार पानांचा कागद घेऊन तिला जे सांगता आलं नव्हतं, ते वहिनीने वाढता वाढता सांगून टाकलं होतं.

शनिवार, पेण

सकाळी साच्यावर काम सुरू झालं. दादा ब्रशने रेझिनचा चिकट रस लावत, त्यावर फायबरची मॅट पसरत. वहिनी कमरेवर हात ठेवून उभी.

"एक," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "दोन." मग, "तीन. ब्रश द्या इकडे."

"कडेला एवढंसं..."

"ब्रश."

दादांनी ब्रश दिला. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून मॅटचा एक तुकडा उचलला. वहिनीने तोही काढून घेतला. नाक निघालं ते तीन किलो दोनशे. दादा त्याच्याकडे बघेनात. भिंतीकडे तोंड करून एका गणपतीचे कान घासत बसले.

रेझिन सुकेपर्यंत मी मधुराला घेऊन गावाबाहेरच्या बंद भातगिरणीच्या खळ्यावर गेले. सिमेंटचं मोठं अंगण, कडेला पेंढ्याची उडवी. रेल्वेने आलेल्या टीममधल्या बाकीच्या मुलांनी गाडी उतरवली. मधुराने चालू केली, आणि पत्र्याच्या डब्यात खिळे वाजावेत तसा आवाज झाला. सरळ झोकात गेली. शेवटी स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली, गाडी नाही वळली. तशीच चाकं वाकडी करून सरळ पेंढ्यात.

गिरणीच्या ओट्यावर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी विडी काढली.

"नांगराला जुंपा," ते म्हणाले. "तास सरळ निघंल."

पाच वेळा पाहिल्यावर मला रोग कळला. मागची दोन्ही चाकं एका दांड्यावर, सारखीच फिरणार, त्यामुळे वळणात ती गाडीला पुढेच ढकलत राहतात. मागचं आतलं चाक जमिनीवरून जरा हलकं झालं, घसरू लागलं, तरच गाडी वळेल. चाक हलकं करायचं तर वजन पुढे यायला हवं. आणि वजन पुढे आणायला एकच हत्यार ड्रायव्हरच्या पायाखाली असतं: ब्रेक.

आता माझ्या अडचणीचा विचार करा. माझ्या शाळेत भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं आहे, 'वळणात ब्रेक मारू नये.' तेवीस वर्षांत हजारो माणसांना मी हे घोकायला लावलं. एकाला याच कारणासाठी तीनदा परत बसवलं, तो आता नगरसेवक आहे आणि मला अजून नमस्कार करत नाही. आणि मी मधुराला सांगत होते, "ब्रेक वळणाआधी दाब, आणि दाबलेला ठेवूनच वळव. वळलीस की हळूहळू सोड."

"पण सगळे म्हणतात..."

"सगळे बरोबर म्हणतात. तुझ्या गाडीत चार किलोचा डबा नाही, म्हणून तुझ्यापुरतं चूक."

दहावीस वेळा केल्यावर तीनदा जमलं. चौथ्यांदा ती घाबरली, ब्रेकवरून पाय उचलला, आणि पुन्हा पेंढ्यात. म्हातारेबुवा म्हणाले, "आता उडवी पण घेऊन जावा ताई, तिची सवय झालीय गाडीला."

केतकी खळ्याच्या कडेला उभी राहून सगळं बघत होती. दर वेळी गाडी सरळ गेली की ती नखं खायची. परत येताना म्हणाली, "आत्या, तो डबा काढायचा निर्णय माझा एकटीचा होता. बाकीचे नको म्हणत होते. मी मतदानच घेतलं नाही."

"मग आता नखं तरी मतदान घेऊन खा," मी म्हटलं. तिला अशा वेळी जवळ घेऊन पाठ थोपटावी लागते असं तिची आई म्हणते. मला ते जमत नाही.

रविवार, रोहा

अनंतदादा आणि वहिनी आमच्याबरोबर निघाले. त्यांची लेक निडीला दिली आहे, तिला पापड पोचवायचे होते, आणि रोह्याच्या वाटेवरच निडी. हे वरवरचं कारण. केतकी, मधुरा आणि बाकीची मुलं रेल्वेने पुढे गेली होती. पिकअपमध्ये पुढे आम्ही तिघं, वहिनीच्या मांडीवर भलीमोठी कापडी पिशवी, मागे गाडी. प्रत्येक खड्ड्याला दादा मान वळवून नाकाकडे बघत. नागोठण्यापर्यंत त्यांची मान अवघडली. निडीला लेकीने चहा पाजला, जावई म्हणाला की कंपनीत सेकंड शिफ्ट आहे, नाहीतर मीही आलो असतो. दादा म्हणाले, तुम्ही कशाला, मोडणारी वस्तू बघायला काय यायचं.

रोह्याला फेरी होती औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात. जुन्या टायरांच्या राशी लावून वळणं आखलेली. अकरा गाड्या आल्या होत्या. एकाच पुस्तकातून निघालेल्या, तरी दोन गाड्या सारख्या नव्हत्या. कोणी इंजिन आडवं घातलेलं, कोणाचा पंख छपरासारखा, एका गाडीचं नाक इतकं अणकुचीदार की तिला कोणी जवळ उभं करून घेईना. एकीला तर डिफरन्शियलही होतं. केतकी तिच्याकडे पाठ करून उभी राहिली.

परीक्षक एक निवृत्त इंजिनिअर होते, गळ्यात शिट्टी, हातात आमचा मंजूर आराखडा. प्रत्येक गोष्ट मोजून बघत. नाकाशी आले, काढून काट्याला लावलं, मान डोलावली, बोटाने टकटक केलं.

"कोणी केलंय?"

दादा पुढे झाले.

"हे मोडेल?"

दादांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी लिहू शकत नाही. "मोडंल, साहेब."

"नक्की?"

"लाज वाटते, पण मोडंल."

कागद पास झाला. आता दोन फेऱ्या मिळणार होत्या, त्यांतली एक तरी मिनिटाच्या आत हवी. मधुरा निघाली. पहिलं वळण सुटलं, दुसरं सुटलं. तिसरं सगळ्यात आवळलेलं होतं. मी कडेवरून ओरडत होते, "पाय ठेव! ठेव पाय!" पण ती घाबरली, आणि जगातला कुठलाही समंजस माणूस करील तेच तिने केलं. वळायला सुरुवात होताच ब्रेक सोडला. गाडी चाकं वाकडी करून सरळ टायरांच्या राशीत गेली.

आम्ही पळालो. नाकाचे सात-आठ तुकडे झाले होते, कागदावर लिहिल्याप्रमाणे, सगळीकडून सारखे. मागचा सांगाडा जसाच्या तसा. अनंतदादा सगळ्यांच्या आधी पोचले होते, या वयात, चपला मागे टाकून.

"पाय हलव गो," ते मधुराला म्हणाले. तिने दोन्ही पाय हलवले. "बोटं?" बोटंही हलली. मग दादा खाली वाकले आणि एकेक तुकडा गोळा करू लागले.

परीक्षक आले. नियम वाचून दाखवला: नवीन भाग लावला तर तो बदल धरणार, आणि तुमचे बदल संपलेत. दुरुस्ती चालेल. आकार तोच हवा, वजन मंजूर मर्यादेत. दोन तास देतो.

केतकीकडे दुरुस्तीचं काहीही सामान नव्हतं. रविवार, दुकानं बंद. तिचा चेहरा टायरासारखा काळा झाला.

"सुमन," दादा म्हणाले, "पिशवी."

वहिनीने उरलेले पापड बाजूला केले. पिशवीच्या तळातून रेझिनचा डबा निघाला, ते घट्ट करायचं औषध, मॅटचे तुकडे, तीन ब्रश, पॉलिशपेपर, पावडरच्या डबीत पांढरा रंग आणि एक छोटा आरसा.

मी बघतच राहिले. "दादा, तीस वर्षांत भंगला नाही म्हणालात ना?"

"भंगलेला कोणाच्या दारात गेला नाय, असं म्हणालो," दादा बाह्या सारत म्हणाले. "गोवा रस्ता हाय तो. प्रत्येक गाडीबरोबर आमचा एक माणूस जातो. दाराच्या अलीकडे गाडी थांबते." त्यांनी मधुराकडे बघितलं. "आरसा धर. आतनं दिसलं पायजे."

तो एक-सव्वा तास मी या प्रवासातला सगळ्यात चांगला वेळ धरते. दादांनी तुकडे उन्हात मांडले, एकदा नुसते बघितले, आणि मग न चुकता जोडत गेले. वहिनी बाजूला उभी राहून "पुरे... पुरे म्हटलं ना," करत होती. बाकीच्या कॉलेजांची मुलं जमली. ज्यांच्या गाडीला डिफरन्शियल होतं त्यांनी पंखा आणून लावला, रेझिन लवकर धरावं म्हणून. शेवटी पॉलिशपेपर फिरला, रंग फिरला. काट्याने तीन किलो चारशे दाखवले. मर्यादा साडेतीन.

परीक्षकांनी चष्मा वर केला, खाली केला, सगळीकडे टकटक केलं. "जोड कुठे आहे?"

"हाय की."

"दाखवा मला."

"साहेब," दादा म्हणाले, "दाखवता आला तर मग जोडला कशाला?"

दुसरी फेरी. मी मधुराच्या हेल्मेटवर डोकं टेकवून सांगितलं, "तिसऱ्या वळणाला तुला पाय उचलावासा वाटेल. वाटू दे. उचलू नकोस. माझ्या शाळेत असं केलंस तर नापास करीन. इथे कर."

निघाली. पहिलं, दुसरं. तिसऱ्याला गाडीचं नाक खाली दबलेलं मी स्वतः पाहिलं, म्हणजे पाय ब्रेकवरच होता. मागचं आतलं चाक जमिनीवरून वीतभर उचललं गेलं, थरथरलं, आणि गाडी वळली. नाइलाजाने, नाक मुरडून, पण वळली. घड्याळात अठ्ठावन्न सेकंद.

मुलं उड्या मारायला लागली. पण परीक्षक केतकीला टेबलाशी बोलावून म्हणाले, "वेळ बसली. आराखड्याचे गुण बाकी आहेत, त्यावर ठरेल. डिफरन्शियल का नाही?"

मला माहीत होतं, या प्रश्नासाठी तिच्या पिशवीत चार पानांचं उत्तर होतं, आलेख वगैरे. तिने पिशवीला हात लावला नाही.

"चूक झाली, सर," ती म्हणाली. "माझी."

"मग सुधारली का नाहीत? तीन बदल होते."

"एकात सीट मागे नेली, दुसऱ्यात पुढे आणली. तिसऱ्यात पंख कापला, कारण शेडच्या दारातून बाहेर निघेना."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. हसू आवरायला त्यांना शिट्टी तोंडात धरावी लागली. "आणि आता तुमच्या मोटारीचं वर्णन एका वाक्यात कसं कराल?"

केतकीने गाडीकडे पाहिलं. "चूक आहे सर. पण हलकी चूक आहे."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. मग त्यांनी आराखड्यावर शिक्का मारला आणि म्हणाले, "अकरा गाड्यांत स्वतःच्या गाडीचा दोष माहीत असलेली कप्तान ही एकच भेटली. आठ गाड्या घ्यायच्यात. तुम्ही आठव्या."

दादा-वहिनीला निडीला लेकीकडे सोडलं. तोवर मागे गाडीजवळ बसलेल्या मुली तिथून पुढे आल्या, केतकी माझ्या शेजारी, मधुरा खिडकीशी. केतकी काही रडली वगैरे नाही, आमच्या घरात ते लागत नाही. तिने वही काढली आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी सूचना लिहायला घेतल्या, कारण पुढच्या वर्षी कप्तान मधुरा होणार होती. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'डिफरन्शियल बसवणे,' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मधुराने वाकून वाचलं. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं.

"पण ताई," ती म्हणाली, "मग चार किलो वाढतील ना?"